डाव्या बाजूला बसणारे व्याही

फोन आला तेव्हा गाडीची किल्ली माझ्या बंडीच्या खिशात होती. हे आधी सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं मला फिरवून त्या किल्लीपाशीच आणून सोडतं. मी रानात होतो, भाताचं रोप टाकायच्या जागेवर पाला नि शेण पसरून भाजायची तयारी चाललेली. संतोषचा, म्हणजे माझ्या मुलाचा फोन. "आबा, सुवर्णाचे अप्पा गेले. दवाखान्यात पोचायच्या आधीच." मी त्याच्यावरच ओरडलो, "खोटं बोलू नको. परवा मंगळवारी मी त्यांच्या घरी चहा पिऊन आलोय." जणू मंगळवारी माझ्याबरोबर चहा पिलेल्या माणसाला गुरुवारी मरायची मनाई असते...

बबनराव त्यांचं नाव. पौडात एस.टी. स्टँडच्या मागं टेलरिंगचं दुकान, शाळेचे गणवेश शिवायचे. त्यांची सुवर्णा माझ्या संतोषला दिलेली, म्हणून ते माझे व्याही. त्या दिवशी सकाळी दुकान उघडलं, छातीत कळ आली. शेजारच्या चहावाल्याला म्हणाले, "पित्त झालंय." स्वतःच्या हातानं शटर ओढलं, कुलूप घातलं आणि रस्त्याच्या कडेला वडापची वाट बघत उभे राहिले. वडापची! ज्या जीपमध्ये माणसं पोत्यासारखी कोंबतात आणि ती भरल्याशिवाय हलत नाही, त्या जीपची. आणि त्यांच्या पाठीमागं दहा पावलांवर, दुकानापुढच्या पत्र्याखाली, आम्हा दोघांची गाडी उभी होती. टाकीत पेट्रोल होतं. पलीकडं स्टँडवर गाडी चालवणारी पन्नास माणसं असतील. फक्त किल्ली नव्हती. किल्ली हितं मुळशीत, माझ्या खिशात.

दहाव्याला घाटावर भाषणं झाली. आमच्याकडं ही एक खोड लागलीय, मेलेल्या माणसाच्या दहाव्याला माइक लावतात. ज्यांनी बबनरावांच्या दुकानाची पायरी कधी चढली नाही ते पांढऱ्या कपड्यातले लोक एकामागून एक उठले आणि म्हणाले, साधा माणूस, भोळा माणूस, देवमाणूस. माझं टाळकं सरकलं. मग पिंडाला कावळा शिवला, तोही पहिल्याच झटक्यात, आणि बायका म्हणाल्या, "बगा, कसली इच्छा ऱ्हायली न्हवती बिचाऱ्याची." मला त्या कावळ्याचाही राग आला. इच्छा राहिली होती. स्वतःच्या गाडीच्या स्टिअरिंगवर बसून ती गाडी एकदा चालवायची होती त्या माणसाला, आणि दोन वर्षं मी त्याला तिथं बसू दिलं नाही. भाषणात हे कुणी बोललं नाही, म्हणून मी लिहितोय. चौथीपर्यंत शिकलोय. शुद्धलेखन सून बघते, पण एक शब्द इकडचा तिकडं करू नको म्हणून तिला बजावलंय.

माझी मालकीण जाऊन तीन वर्षं झाली. ती गेल्यावर मी बोलायचा बंद झालो. संतोष-सुवर्णा माण गावात राहतात, दोघं कंपनीत कामाला. रविवारी यायचे, फ्रीजमध्ये डबे लावायचे, जायचे. समजूत घालणारे तर इतके आले की अंगावर धावून जावंसं वाटायचं. बबनराव दर मंगळवारी, दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी, एस.टी.नं यायचे. समजूत नाही, उसासा नाही. पडवीत बसायचे, पिशवीतून सुईदोरा काढायचे आणि विचारायचे, "काय फाटलं-उसवलंय का?" माझ्या सगळ्या बंड्या त्यांनी शिवल्या. गोधड्या झाल्या, मग भाताची पोतीही झाली. पोतं शिवताना मी म्हणालो, "आता माझं त्वांड तेवढं ऱ्हायलंय." म्हणाले, "ते आधीच शिवल्यालं हाय. उसवायला आलोय." मालकीण गेल्यावर मी पहिल्यांदा हसलो ते तेव्हा.

पण जेवायचे नाहीत. मुलीच्या सासरचं अन्न बापानं खायचं नाही ही जुनी रीत, नातू झाला की ती संपते. नातू शाळेत आठवीला गेला तरी यांची संपली नव्हती. मी म्हणायचो, "बसा जेवायला." ते म्हणायचे, "नको." मी पुन्हा म्हणायचो. ते म्हणायचे, "आत्ताच खाऊन निघालोय." मग तिसऱ्यांदा मी दंडाला धरून पाटावर बसवायचो, तेव्हा ते चार भाकरी खायचे. भूक पहिल्यापासूनच असायची. पण पहिल्या हाकेला ताटावर बसला तर तो मुलीचा बाप कसला! हे मला चांगलं ठाऊक होतं. त्यांची पहिली दोन 'नको' खोटी असतात हे ठाऊक होतं. ताटापुरतं ठाऊक होतं...

अशाच एका मंगळवारी सुईत दोरा ओवता ओवता म्हणाले, "व्याहीबुवा, बँडवाल्याच्या शेडात एक उघडी गाडी पडलीय. वरातीची. बगून तरी येऊ."

"मला काय आता पुन्ना वरात काढायचीय?"

"तसं न्हाई वो. स्वस्तात देतोय. एका दुभत्या म्हशीच्या भावात."

"म्हस दूध तरी देती."

"म्हशीत बसून धरणावर जाता येत न्हाई."

गेलो बघायला. जुन्या काळची लांबडी गाडी, कुणीतरी कधीकाळी तिचा टप कापून तिला मागं दुमडायचा कापडी टप बसवलेला. त्या कापडाच्या आता चिंध्या. रंग पांढरा होता असं म्हणायचं. मागच्या सीटवर एक कोंबडी अंड्यांवर बसलेली, हाकललं तर चोच मारायला उठली. बँडवाला म्हणाला, "पिल्लं निघूद्यात, मग न्या." मी चिडलो, "गाडी इकतोय का खुराडं?" बबनराव मात्र म्हणाले, "थांबू की. तिचं बाळंतपण हुंदी." ठरल्यानंतर पंधरा दिवस आम्ही त्या कोंबडीमुळं थांबलो. निम्मे पैसे त्यांचे, निम्मे माझे. कागद नीट करून घेतले आणि ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी माझ्या गोठ्यात आणली. वाटेत एकजण ओरडला, "कुणाची वरात रं ही, म्हाताऱ्यांनो?" मी त्याला काय बोललो ते सुवर्णा छापू देणार नाही.

मग सुरू झाली साफसफाई. इंजिनाचं गॅरेजवाल्यानं बघितलं, बाकीचं आम्ही. मी रॉकेल नि पॉलिशपेपर घेऊन गंज काढायचो. बबनराव सीटवर दाभण घेऊन बसायचे. सीटच्या प्रत्येक शिवणीत अक्षता अडकलेल्या होत्या. लाल, पिवळ्या, काळ्या पडलेल्या. किती लग्नांच्या असतील कुणास ठाऊक. मी म्हणालो पाइप लावा, पाण्यानं जातील निघून. ते म्हणाले, "भिजल्या तर फुगत्याल, सीट कुजंल." एकेक दाणा दाभणानं उचकटून काढायचे आणि पत्र्याच्या डब्यात टाकायचे. चमकी निघाली, वाळलेल्या पाकळ्या निघाल्या, एक जोडवं निघालं. जोडवं हातात धरून ते म्हणाले, "ही पोरगी रडली आसंल सासरी, पयल्याच दिवशी हरावलं म्हणून." मी म्हणालो, "तुमाला काय करायचंय?" ते पुन्हा दाभण घेऊन शिवणीला लागले. त्या काळ्या अक्षता त्यांनी अशा जपून का वेचल्या हे मला त्या वेळी कळायला पाहिजे होतं.

टप त्यांनी शिवला. जाड कॅनव्हास दुकानात नेला, पायमशीन दमली तेव्हा हातानं दाभण घातलं. एका मंगळवारी खाली मान घालून म्हणाले, "आतून अस्तर लागंल. मऊ पायजे. वहिनींचं एखादं लुगडं..." मी आत गेलो, तिचं रोजच्या वापरातलं हिरवं नऊवारी आणून त्यांच्या मांडीवर टाकलं आणि म्हशीला पाणी दाखवायचं निमित्त करून बाहेर गेलो. आजही टप लावला की माझ्या डोक्यावर तो हिरवा रंग येतो. हे फक्त त्या माणसाला सुचलं. आणि घाटावर म्हणतात, साधा!

गाडी तयार झाली त्या दिवशी नारळ फोडला. आता नीट ऐका. तरुणपणी कापडाच्या व्यापाऱ्याकडं बबनरावांनी आठ वर्षं टेंपो चालवला होता, रात्रंदिवस, घाटांतून. लायसन त्यांनी मुदत संपेल तसं नवं करून घेतलं होतं, प्लास्टिकच्या पिशवीत घालून वरच्या खिशात ठेवायचे. मला ट्रॅक्टर सोडून काही येत नव्हतं. मी उजव्या दारापाशी उभा राहिलो आणि म्हणालो, "घ्या बबनराव, तुमी टेंपोवालं." त्यांनी हात जोडले, "छ्या छ्या. तुमी वरबाप. तुमीच बसा."

आणि मी बसलो.

ताटावर तीनदा बोलावणारा मी, गाडीला एकदा विचारलं. ते 'नको' कधी म्हणतात याचीच वाट बघत होतो, हे आज कबूल करतो. लहान पोरासारखं मलाच ते चाक हातात पाहिजे होतं. त्यांचं पहिलं 'नको' खोटं असतं हे ठाऊक असून मी ते खरं धरलं. त्यानंतर दोन वर्षं, दर मंगळवारी टप उघडा टाकून आम्ही धरणाच्या कडेनं फिरलो. रिसॉर्टला आलेली पोरं फोटो काढायची, मी हात हलवायचो. बबनराव डाव्या बाजूला, मांडीवर पिशवी घेऊन, पाव्हण्यासारखे. मी गिअर टाकताना खर्रकन आवाज आला तरी म्हणायचे, "चालतंय की." वळण आलं की मात्र त्यांचा डावा पाय खाली दाबला जायचा. मी म्हणायचो, "काय वो, झुरळ मारताय का?" म्हणायचे, "मुंग्या आल्या पायाला." मी हसायचो. मूर्खासारखा हसायचो.

एवढंच नाही. गाडी चालवता चालवता संतोषच्या लग्नातला माझा रुसवाही मी त्यांनाच रंगवून सांगायचो. वरातीला उघडी गाडी ठरली होती, आली बंद गाडी. मी मांडवाबाहेर बाजेवर जाऊन बसलो, उठेना. वरबापानं रुसायचं असतंच, पण मी जरा जास्तच रुसलो. शेवटी बबनरावांनी दोनशे माणसांपुढं माझ्या पायावर डोकं ठेवलं तेव्हा उठलो. "आठवतंय का, कसा ताणून धरला हुता तुमाला?" असं मी म्हणायचो, आणि तेही हसायचे.

यंदा वळवाच्या पावसात टप गळला. नेमका माझ्या मानेवर. शिवणीच्या भोकांतून पाणी येत होतं. मी चिडून बोललो, "कसलं शिंपी वो तुमी? पोरांच्या चड्ड्याच शिवा." त्यांचं तोंड एवढंसं झालं. म्हणाले, "चूक झाली. शिवणीवर शिवण घ्यायला पायजे हुती. गाडी पौडात आणून लावा, सगळा टप उसवून करतो." मी गाडी त्यांच्या दुकानापुढं लावली. उतरलो तेव्हा त्यांनी विचारलं, "किल्ली ऱ्हाऊद्या का हितं? मागं-पुढं घ्यायला लागंल."

आयुष्यात त्या माणसानं स्वतःसाठी माझ्याकडं एवढी एकच गोष्ट मागितली. मी म्हणालो, "ढकलून घ्या की. ट्रॅक्टरची किल्ली मी पोराकडंसुदिक ठेवत न्हाई." किल्ली खिशात टाकली आणि एस.टी.नं घरी आलो. ते काही पुन्हा मागणार नव्हते. मुलीचा बाप दुसऱ्यांदा मागत नसतो. तीन आठवडे गाडी तिथं होती, आणि चौथ्या आठवड्यातल्या गुरुवारी फोन आला.

किल्ली असती तर ते वाचले असते का? मी दवाखान्यात जाऊन डॉक्टरला विचारलं. तो म्हणाला, आजोबा, असं सांगता येत नाही. सांगता येत नाही तर शिकला कशाला?

दहावं झाल्यावर दुसऱ्या दिवशी गाडी आणायला गेलो. टप पुरा झाला होता. प्रत्येक शिवण उलटून दुहेरी केलेली, वरून मेण चोळलेलं. माझ्या मानेवर येते ती शिवण तिहेरी. चहावाला जवळ आला, म्हणाला, "टेलर रोज सांच्याला दुकान बंद केलं की हितं बसायचं, स्टेरिंगवर. चहा हितंच मागवायचं. गिअर टाकायचं, चाक फिरवायचं. मी म्हणलं, टेलर, कुटं निगाला? तर म्हणायचं, ताम्हिणीचा घाट उतरतोय, मदी बोलू नगंस."

मी त्या गरिबाच्या अंगावर धावून गेलो. "मला का न्हाई सांगितलं?"

तो घाबरून म्हणाला, "तुमास्नी काय सांगायचं? तुमी मालक."

मालक दोघं होतो रे... दोघं.

दार उघडून आत बसलो तर गुडघे चाकाला थडकले. सीट चार बोटं पुढं सरकवलेली होती. बबनराव बुटके, त्यांचे पाय पोचावेत म्हणून. सवयीनं माझा हात सीटखालच्या दांड्याकडं गेला. ओढला असता तर सीट मागं आली असती. हात तसाच काढून घेतला. पौडापासून घरापर्यंत गुडघे आपटत आलो आणि रस्ताभर त्यांना शिव्या घातल्या. मोठ्यानं. दोन वर्षं शेजारी बसला होता, पाय दाबत होता, मुंग्या आल्या म्हणून सांगत होता. अहो, तोंड होतं ना? नव्हतं तर सुईदोरा होता. माझं उसवलंत, स्वतःचं का शिवून घेतलंत?

रविवारी पोरं आली. संतोष म्हणाला, "आबा, ती गाडी आता पडूनच राहणार. एक रिसॉर्टवाला मागतोय, लग्नाआधीच्या फोटोंसाठी." मी म्हणालो, "तुझ्या बापाला दे फोटोला." मग त्याच्यावरचा राग सुवर्णावर निघाला. "तुज्या बापाला म्हातारपणी ही गाडी घ्यायची आवदसा कशाला आठवली? घेतली ती घेतली, एकदा तरी चालवायची!"

सुवर्णा भांडी घासत होती. हात न थांबवता म्हणाली, "ती तुमच्यासाठी घेतली होती, आबा. हीच ती गाडी. आमच्या लग्नात ठरलेली. त्या दिवशी ऐन वेळी बंद पडली म्हणून दुसरी आली. बँडवाला ती भंगारात घालतोय असं कळलं तेव्हा अप्पांनी मला फोन केला होता. म्हणाले, व्याह्यांचा एक मान राहिलाय माझ्याकडून, आता बसवतो त्यांना तिच्यात." मग पातेलं पालथं घातलं आणि म्हणाली, "तुम्हाला बसवायला आणलेली गाडी. तिच्यात ते कसे चालवायला बसतील?"

सोळा वर्षं. मी ज्याचा विनोद करून सांगत होतो, ते त्यांनी सोळा वर्षं उरात धरलं होतं. त्या अक्षतांत ते काय शोधत होते ते आता कळलं. या गाडीत स्वतःच्या पोरीच्या डोक्यावर पडायच्या राहिलेल्या. आग लागो त्या मानाला. माझ्या मानाला आणि त्यांच्या नम्रपणालाही. दोन्ही सारखेच नालायक.

मी उठलो, गोठ्यातली गाडी बाहेर काढली, टप मागं टाकला आणि उजवं दार उघडून धरलं. "सुवर्णा, ये. चालव."

"नको आबा. तुम्हीच चालवा."

"बस म्हणतो ना."

"मला कंपनीची छोटी गाडी चालवायची सवय. ही नाही जमणार."

संतोष म्हणाला, "आबा, तिला नको असेल तर..." मी म्हणालो, "तू गप. हिच्या बापानंबी असंच म्हणलं हुतं." आणि तिच्याकडं वळून म्हणालो, "तिसऱ्यांदा सांगतोय, बाय. माज्या हातून एकदा मोजायची चूक झालीय, पुन्ना करायला लावू नगंस. रडायचं आसंल तर गिअर टाकल्यावर रड."

ओले हात पदराला पुसून ती बसली. सीटखालच्या दांड्याला हात लावावा लागला नाही. बापाची उंची घेतलीय पोरीनं.

मी वळसा घालून डाव्या बाजूला आलो. त्या गाडीत डावीकडं मी कधीच बसलो नव्हतो. बसलो, पाय खाली ठेवले आणि बघितलं. रबराच्या मॅटवर उभ्याआडव्या रेघांची नक्षी आहे. डाव्या पायाच्या जागी, जिथं क्लच नाही, ब्रेक नाही, काहीच नाही, तिथली तळहाताएवढी नक्षी घासून पुसून गेलीय. सुवर्णानं गाडी रस्त्याला लावली. धरणाकडचं पहिलं वळण आलं, आणि माझा पाय त्या गुळगुळीत जागेवर गेला आणि दाबला.